हशासाठी सोडलेली जागा

बदलापूरच्या दौलतरावांना वांगणीहून शूटिंगचं बोलावणं आलं आणि म्हातारा हवेतच गेला. अहो, जाणारच! ‘दार उघडंच आहे’ या जुन्या विनोदी मालिकेत ते बापाचं काम करायचे. दर आठवड्याला त्या घरात एक नवा पाहुणा कलाकार टपकायचा आणि हा बाप त्याची फिरकी घ्यायचा. लोक जेवणं उरकून टीव्हीपुढे बसायचे. आता सोसायटीचा वॉचमनसुद्धा दौलतरावांना नाव विचारत होता. अशात निर्मात्याच्या मुलाला, हरेशला, जुन्या मंडळींना घेऊन एक नवा भाग करायची हुक्की आली.

बनूबाईंनी नवऱ्याच्या हातात डबा दिला. “लवकर या हं. कालपासून छातीत कसंतरीच होतंय.”

“आलोच,” म्हणत दौलतराव सटकले. बायकोकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

त्या मालिकेची एक रीत होती. समोर प्रेक्षक नसायचे, हशा मागाहून घालायचे. म्हणून विनोद टाकला की नटाने गप्प उभं राहायचं, हशासाठी जागा सोडायची. दौलतरावांच्या अंगात ती सवय इतकी मुरलेली, की घरी मीठ मागतानाही ते मध्येच थांबायचे.

वांगणीच्या फार्महाऊसच्या हॉलमध्ये जुना सोफा मांडला होता. मालिकेतली शेजारीण झालेल्या कौसाबाई त्यावर अंग चोरून बसल्या होत्या.

“महेंद्र कुठाय?” दौलतरावांनी विचारलं. महेंद्र म्हणजे एका भागातला पाहुणा कलाकार.

“त्याचा आणि कौसाबाईंचा सीन कालच झाला, काका,” हरेश म्हणाला. “आज फोन लावतोय तर नुसता हशा ऐकू येतोय. पार्टी चालू असेल, दुसरं काय!”

शॉट लागला. दौलतरावांनी पहिलाच विनोद टाकला, थांबले, आणि कॅमेऱ्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून हशा आला. पन्नास-साठ माणसांचा, दिलखुलास. पाठोपाठ वासही आला, बंद खोलीत ओले कपडे कुजल्यासारखा.

“हशा आत्ताच लावलास होय रे?”

“नाही हो. तो एडिटला. का?” हरेशला काहीच ऐकू आलं नव्हतं.

कौसाबाईंनी दौलतरावांचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. “ऐकलंत ना तुम्ही? जागा सोडू नका दौलतराव मी कालपासून थांबतच नाही एका दमात बोलते जीव गेला तरी कारण जागा मिळाली की ते पुढे सरकतात...” बाई थांबल्या, दचकल्या, आणि त्यांनी तोंडात पदर कोंबला.

जळतेय मेली, दौलतराव मनात म्हणाले. इतक्या वर्षांनी कुणी हसत होतं हो त्यांना! माणूस भुकेला होता. पुढच्या प्रत्येक शॉटला त्यांनी जास्तच जागा सोडली. हशा जवळ येत गेला, सोफ्यामागे, मग थेट पाठीशी. शेवटच्या शॉटला हरेशनेही मान वळवली. “बाहेर कोण हसतंय?”

संध्याकाळी दौलतराव घरी आले ते फुशारतच. “बनू, तुझा हिरो आला गं!” म्हणाले आणि सवयीने थांबले.

हॉलभर हशा पिकला. बनूबाईंनी मात्र ओ दिली नाही.

त्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडल्या होत्या. अंग घामाने थबथबलेलं, ओठ काळेनिळे, डोळे उघडे, श्वास घरघरत होता. दौलतरावांनी मुलाला फोन लावला. सुजितचं उल्हासनगरला दुकान होतं.

“सुजित, तुझी आई पडलीये...” दम घ्यायला थांबले. हशा.

“बाबा? कोण हसतंय एवढं?”

“कोणी नाही रे! तिला श्वास...” हशा, टाळ्यांसकट.

“काय यार बाबा! दुकानात गिऱ्हाईक उभंय. प्रॅक्टिस नंतर करा ना.” फोन कट.

अँब्युलन्सला फोन लावला, तर तिथल्या माणसाने हशा ऐकून शिवीच हासडली. दौलतरावांनी दार उघडलं. समोरची नेत्रा जिना उतरत होती.

“नेत्रा, धाव गं...”

“अय्या अप्पा, मैफल जोरात आहे की! चालू द्या,” असं म्हणून पोरगी हसत हसत खाली निघूनही गेली. एका दमात सगळं सांगायला हवं होतं, कौसाबाईंसारखं. पण म्हाताऱ्याला रडू आवरेना, आणि प्रत्येक हुंदक्याला जागा सुटत होती.

शेवटी त्यांनी बायकोचं डोकं मांडीवर घेतलं. आपल्याच तोंडाची त्यांना किळस आली. “बनू... जाऊ नकोस गं...”

बनूबाईंची छाती वर झाली, खाली गेली, आणि परत वर आलीच नाही. दौलतरावांनी त्यांच्या मिटल्या ओठांवर बोटं ठेवली. या वेळी कोणीच हसलं नाही. घर अगदी गप्प होतं.

मग त्यांच्या कानाशी एकच बाई हसली. आधी दाबून, पदरात तोंड लपवून, मग न राहवून, नाकातून फुस्स करत. चाळीस वर्षं रोज ऐकलेलं ते हसू दौलतरावांनी लगेच ओळखलं. बोटांखालचे ओठ हलले नव्हते.

मागून बाकीच्यांनी तिला साथ दिली.