बिनकानाचा वाडगा

कॉलनीतली लाइट गेली होती, म्हणून कोपऱ्यावर शेकोटी पेटली. बंडूजींनी सगळ्यात उबेची जागा धरली. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. जागा धरणं त्यांना कोणी शिकवायला नको. चहा आला. पोरांनी कागदी कप घेतले. बंडूजींनी घरून आणलेला स्टीलचा ग्लास पुढे केला. बाहेरच्या भांड्याला ते तोंड लावत नाहीत.

"आयका, पोट्टेहो," ग्लास रिकामा करून पायाशी ठेवत ते म्हणाले. "माह्या ओळखीच्या माणसासोबत झालेली गोष्ट हाय. मागच्या साली, अठरा जानेवारीची रात. शनिवार. नाव नाई सांगत मी."

नाव सांगायची गरजच नव्हती. समोर निकेश बसला होता आणि तो माणूस त्याचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका होते, निवृत्त प्राचार्य सदाशिवराव. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आल्यापासून निकेश त्यांच्याकडेच राहायचा, त्यांची गाडी चालवायचा आणि भाकरीसोबत त्यांचे टोमणे गिळायचा.

"त्याइले नाद होता जपानी वाडग्यायचा. चहा पियाचे, हातानं घडवलेले. काचेच्या कपाटात, कुलपात."

एवढं खरं होतं. एक वाडगा गावातल्या बौद्ध स्तूपावर आलेल्या जपानी पाहुण्याने दिलेला, एक जुन्या विद्यार्थ्याने क्योटोहून पाठवलेला, असे अकरा. प्रत्येकाला नाव. एकाचं 'पहिलं धुकं', एकाचं 'म्हातारा डोंगर'. सदाशिवराव वाडगा उलटा धरून आधी बूड बघत, कुंभाराच्या बोटाची खूण शोधत, आणि मग घरी येईल त्याला धरून ऐकवत: तिथे चहाच्या खोलीचं दार एवढंसं असतं. सरदार असो की वाणी, वाकूनच आत शिरायचं. वाडगा एकच, सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे. "याला म्हणतात समता!"

एकोणीस तारखेला, रविवारी, त्यांनी घरी तसाच कार्यक्रम ठेवला होता. गावातली प्रतिष्ठित मंडळी, क्योटोचा पाहुणा, आणि पहिला घोट सदाशिवरावांचा. त्यासाठी त्यांना एक खास वाडगा हवा होता, इथल्या मातीत मुरलेला.

"तर थो वाडगा आणाले थे गेलते हिंगणघाट रोडवरच्या एका गावात," बंडूजी म्हणाले. "चंद्रभान पाटलाच्या घरी. लई साल आधी एक जपानी भिक्षू तिथं मुक्कामाले होता. त्यानं देल्लेला वाडगा. अन् त्या वाडग्यात, पोट्टेहो… भिक्षूचा आत्मा होता."

"नव्हता," निकेश म्हणाला.

"तू काऊन मधात बोलतं बे?"

"गाडी मी चालवत होतो. वाडगा कुठं होता थे सांगा ना."

बंडूजींनी काडीने निखारा उकरला. "घरात होता. अजून कुठं राहीन?"

"गोठ्यात होता. कोनाड्यात. उपडा."

"गोठ्यात?" शेजारच्या आचलने विचारलं. "काऊन?"

बंडूजी शेकोटीत काटक्या सारू लागले. अशा वेळी मोठी माणसं बोलत नाहीत. मग निकेशनेच सांगितलं.

भिक्षूचा वाडगा जाड, काळा, बिनकानाचा. पाटलाच्या घरात त्याचं काय काम? तो सालगड्याला दिला. चिंधूला. गड्याची जात वेगळी, म्हणून कप वेगळा. पाटलीणबाई वरून चहा ओतायची. चिंधू पायरीवर बसून प्यायचा, विसळायचा, कोनाड्यात उपडा ठेवायचा. अख्खं आयुष्य.

"न्या ना सर," चंद्रभान हसत म्हणाला होता. "चिंधूचा कप व्हय थो. दिवाळीत मेला बिचारा. आता कोन तोंड लावते त्याले?"

सदाशिवरावांना तोवर बुडावरची खूण सापडली होती आणि डोळे चमकले होते. हे ऐकलं आणि त्यांची बोटं आखडली. त्यांनी खिशातून रुमाल काढला. वाडगा रुमालात धरूनच गाडीत आले.

"घरी यातलं एक अक्षर बोलायचं नाही. समजलं?"

चहाच्या वाडग्याला साबण लावायचा नसतो, हे त्यांनीच निकेशला शिकवलं होतं. माती पीत असते; वर्षानुवर्षांचा चहा तिच्यात उतरतो, तीच वाडग्याची श्रीमंती. त्या रात्री त्यांनी बाथरूमची कडी लावली आणि वाडगा डेटॉलच्या पाण्यात बुडवून ठेवला. वास घरभर पसरला. शुक्रवारी सकाळी त्याला कपाटात रेशमी कापडावर बसवलं आणि नाव दिलं: 'निर्मळ'.

"नाव हाय त्याले," निकेश म्हणाला होता. "चिंधूचा कप."

"कॉलेज झेपलं नाही, आता मला शिकवतोस?"

शनिवारी सकाळी वाडगा कपाटात नव्हता. कुलूप जसंच्या तसं. वाडगा मागच्या दाराच्या पायरीवर होता. उपडा. ओला. अर्थात निकेशच्या नावाने खापर फुटलं. सदाशिवरावांनी किल्ली उशाखाली घेतली.

"मंग शनिवारची रात," बंडूजी हळूच म्हणाले. इथून त्यांनाही सांगायचं होतं. "पावणेतीन वाजले. अन् खिडकीत पाह्यतात तं काय… उलटे पाय…"

"पाय-बिय काही नव्हते, बंडूजी. खोकला होता."

मागच्या दारापाशी कोणीतरी खोकललं. हळू. आपण आलोय एवढं कळावं, इतकंच. हाक नाही. चिंधूने पाटलांच्या दारात कधी हाक मारली नव्हती.

निकेश उठला. स्वयंपाकघरात अंधारात सदाशिवराव उभे होते. हातात किल्ली. कपाट उघडं. रेशमी कापड रिकामं.

पुन्हा खोकला.

मग दगडावर भांडं टेकल्याचा आवाज. टक.

"निकेश… कोन हाय रे?" आयुष्यभर पुस्तकी बोललेला माणूस एकदम गावचं बोलू लागला.

"तुमाले मालूम हाय कोन हाय. आत बोलवा त्याले. एकदा बोलवा, मोठे बाबा."

"मी… च्या करतो."

त्यांनी गॅस पेटवला. साखर ओट्यावर सांडली. निकेशने दार उघडलं. अंगणात कोणी नव्हतं. चांदणं होतं. पायरीवर वाडगा. या वेळी सुलटा. वाट बघत असलेला.

"आत घ्या," निकेश म्हणाला. "नाई तं तुमी बाहेर बसा त्याच्याजवळ. दोन घोट घ्या त्यातले. उद्या चाळीस लोकायसमोर घेनारच हाय ना?"

सदाशिवराव उंबऱ्याच्या आतच थांबले.

पातेलं उचललं.

हात लांब केला.

आणि वरून ओतला. हातभर उंचीवरून. शिंतोडे अंगावर येऊ नयेत म्हणून पाय मागे घेतला. घाबरून जीव चाललेला, तरी सवय सुटली नाही. भुतालाही वरूनच ओतला.

दार लागलं.

शांतता…

मग घोट. सावकाश. एक… आणखी एक… 

मग मोरीचा नळ सुरू झाला. बंद झाला.

मग काहीच नाही.

सकाळी वाडगा कपाटात होता. कोरडा. कुलूप लावलेलं. तो नंतर कधीच आपणहून जागचा हलला नाही.

"मंग काय झालं?" आचलचा आवाज बारीक झाला होता.

"कार्यक्रम झाला. चाळीस लोकायनं पाह्यलं. भाषण केलं, वाडगा उचलला, ओठापर्यंत आनला…" निकेश थांबला. "अन् खाली ठेवला. ताप हाय म्हने. जपानी पाहुण्यानं वाकून नमस्कार केला, वाडगा घेतला अन् पिऊन टाकला. त्याच्या मागून कोनी हात पुढे केला नाई."

त्याच संध्याकाळी मोठ्या आईने विचारलं, "तुमचा कप कुठं गेला?" सोनेरी काठाचा कप. सदाशिवरावांशिवाय त्याला कोणी हात लावत नसे. तो मागच्या पायरीवर सापडला. विसळलेला. उपडा. आत आणला, दुसऱ्या सकाळी पुन्हा बाहेर. नवा घेतला, तोही बाहेर. घरातले बाकीचे कप जागच्या जागी, फक्त सदाशिवरावांचाच बाहेर. वर्ष झालं. आता मोठी आई तो आत आणत नाही. त्याच पायरीवर त्यात चहा ओतते. ते तिथेच बसून पितात.

शेकोटीत काटकी तडकली.

"असं काई नाई बे," बंडूजी शेवटी म्हणाले. "पोट्टं घरच्याच मानसाले बदनाम करून राह्यलं. जपानी आत्माच व्हय थो."

"चिंधूले मरून बी जपानी काऊन करता, बंडूजी? तुमच्या फाटकावर झाडूवाल्या बाईचा कप नाई काय ठेवला? फुटका, निळा?"

"थो… थे… आरोग्यासाठी असते थे." बंडूजी उठले. शाल सावरली. पायाशी हात फिरवला. मग दुसऱ्या बाजूला फिरवला.

"माहा ग्लास कोन घेतला?"

कोणी जागचं उठलं नव्हतं. आचलने मोबाइलचा उजेड पाडला. राख, कागदी कप, चपला. ग्लास नव्हता. तिने उजेड उचलला, रस्त्यापलीकडे, बंडूजींच्या फाटकापर्यंत नेला. आणि तो तिथेच थांबला.

फाटकाच्या खांबावर, निळ्या फुटक्या कपाला लागून, स्टीलचा ग्लास होता.

उपडा.

त्याच्या काठावरून पाणी अजून खांबावर ओघळत होतं.