पेन्सिलीने लिहिलेलं नाव

ही गोष्ट २०११ सालच्या ऑक्टोबरातली. डेव्हेन्टर या डच शहराच्या नगरपालिकेचं फिरतं दार अर्पिनेला आत ढकलत होतं आणि वारा तिच्या हातातली फाईल बाहेर ओढत होता. शेवटी वारा जिंकला. आर्मेनियातला जन्मदाखला, पाच वर्षं इथे राहिल्याचे पुरावे, डच भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र... सगळं ओल्या फरशीवर.

एका उंच माणसाने गुडघे टेकून कागद गोळा केले. त्याच्या हातांना लाकडाचा आणि डांबराचा वास होता.

"एवढे कागद? काय मागायला आलात?"

"तुमचा देश."

"अख्खा?" त्याने जन्मदाखला बाहीला पुसला. "मला तर जन्मतःच मिळाला."

"म्हणून तुम्हाला तो दिसत नाही."

तो योरित. आयसेल नदीच्या काठी लाकडी होड्या दुरुस्त करायचा. ती सायकली दुरुस्त करते हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी तो चेन उतरलेली सायकल घेऊन दुकानात हजर. अर्पिनेने त्याची काळी बोटं पाहिली.

"चेन आपोआप उतरली तर हाताला ग्रीस लागत नाही."

"आणि हाताने उतरवली तर काय लागतं?"

"ग्रीस. आणि थोडी लाज."

जानेवारीत त्याच्या आईचा, रीकाचा वाढदिवस होता. गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाला केकचा एकच तुकडा. अर्पिने संडासात गेली. तिकडच्या घरांत असतं तसं, दरवर्षी तेच चालणारं वाढदिवसांचं कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं. चौदा मार्चला तिचं नाव. सगळी नावं पेनाने, तिचंच तेवढं पेन्सिलीने.

बाहेर येऊन तिने सरळ विचारलं.

"पेनाने घरची माणसं," रीका म्हणाली. "पेन्सिलीने म्हणजे... बघू. योरितच्या दोन मैत्रिणी खोडल्यात मी."

"माझं जपून खोडा. कागद फाटेल."

रीका हसली नाही, पण केकचा दुसरा तुकडा तिच्या बशीत आला.

एप्रिलमध्ये योरितला नॉर्वेत वर्षभराचं काम मिळालं. रीकाच्याच स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता तो म्हणाला, "लग्न करू, आणि दोघं जाऊ."

"अर्जाचा निकाल येईपर्यंत मला इथेच राहायला हवं. तिकडे राहायला गेले तर अर्ज बाद."

"मग नागरिकत्व माझी बायको म्हणून माग पुढे कधीतरी."

"बायको तुझी होईन, योरित. पण नागरिक माझी मी होणार."

त्याने पुढचा बटाटा उचलला.

"आणि मी गेलो तर...?"

"जा. मी कुठे जात नाहीये."

तो गेला. रीकाच्या घरी पाऊल टाकायचं तिच्या मनात आलं नाही. जूननंतर फोनही थांबले. चाकांच्या तारा आवळताना तिचे डोळे भरायचे, पण हात कधी चुकला नाही.

नोव्हेंबरात पत्र आलं. अर्ज मंजूर. नागरिकत्व देण्याच्या समारंभाची तारीख तिने योरितला एका ओळीत कळवली. त्या दिवशी तिथे नऊ जण होते. एकेकाने उठून शपथ घ्यायची. अर्पिनेने तिथल्या रीतीप्रमाणे दोन बोटं वर केली, आणि खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता शपथ म्हटली. मागचं दार उघडलं ते तेव्हाच. भिजलेल्या कोटात योरित उभा होता.

"तू फोन बंद केलेस," कॉफीच्या टेबलापाशी ती म्हणाली.

"तुझा आवाज ऐकला की काम सोडावंसं वाटायचं."

"आता मी विचारते. करतोस लग्न?"

"नॉर्वेतलं वर्ष पूर्ण होऊ दे..."

"मी थांबायला शिकलेय. हो की नाही, एवढं सांग."

"हो," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

तिथून ती तडक रीकाकडे गेली. "पेन द्या. माझं नाव मीच लिहिते."

"आधी जाऊन तर बघ."

चौदा मार्च. निळी शाई, कधीचीच वाळलेली.

"तू नाही म्हणालीस ना, त्याच संध्याकाळी लिहिलं," रीका म्हणाली. "तो परतो न परतो."

रीका २०१९ साली गेली. योरितची होड्या दुरुस्तीची कार्यशाळा आता स्वतःची आहे, आणि अर्पिनेच्या दुकानात तीन कारागीर आहेत. त्यांच्या लेकीचं नाव पहिल्याच दिवशी पेनाने लिहिलं गेलं. पण कॅलेंडर तेच आहे, आणि दोऱ्याला बांधलेली रीकाची पेन्सिलही. लेक मोठी होतेय. लागेल कधीतरी.