मोठ्या लाइनीचा माणूस

गाडी घाटात उभी राहणार हे मला ती उभी राहायच्या आधीच कळलं होतं. इंजिनाची धाप वाढली, मग दोन धापांमधलं अंतर वाढलं, आणि मी आत्याच्या मांडीवरचं बोचकं बाजूला सारून दारात आले.

"कुठं चाललीस?" रुद्रम्मा आत्यानं एक डोळा उघडला.

"सीताफळं आणते. वाफ भरंपर्यंत गाडी हलत न्हाय."

"पड आन् मोड एखादा पाय. मग तुझा बाप मला इचारंल." एवढं बोलून तिनं डोळा मिटून घेतला. तिला उठणं शक्यच नव्हतं. बार्शीत घेतलेली दोन नवी लुगडी तिनं अंगावरच्या लुगड्यावरच नेसली होती, येडशीच्या करोडगिरी नाक्यावर जकात पडू नये म्हणून.

बार्शी इंग्रजांची आणि येडशी निजामाची. मधे रामलिंगाचा घाट, आणि त्या घाटातून चढणारी आमची छोटी गाडी. रूळ जेमतेम अडीच फूट रुंद. माझ्या आजोबांच्या काळात ती येडशीला आली, मग पुढं लातूरला गेली. लोक हसायचे तिला. हसोत बापडे! जिल्ह्याचं गाव धाराशिव. तिथं कचेरी, तिथं तालुकदार साहेब, म्हणजे निजामाचा कलेक्टर, सगळं तिथं. पण गाडी नाही. साहेबाला गाडी हवी असली तर तांग्यात हाडं खिळखिळी करून घेत आमच्या येडशीलाच यावं लागे. या एका गोष्टीवर आम्ही येडशीकर छाती काढून चालत असू. आणि मला तर तिचं वेडच होतं... कोणतं इंजिन आलं, ते मी चुलीपुढं बसून सांगायची.

तर मी उतरले. आश्विनातली दुपार, कोळशाचा वास, आणि उतारावर सीताफळांची झाडं लगडलेली. हात वर केला, तोच मागून आवाज आला.

"ओ बाई, गाडी सुटंल ना तुमची."

मी वळून पाहिलं. तीन पायांची पितळी दुर्बीण रोवून एक तरुण उभा होता. गुडघ्यापर्यंत धूळ, कानावर पेन्सिल. आणि डोळे... डोळे आधीच हसत होते.

"सुटणार न्हाय," मी म्हटलं. "आज जुनं इंजिन हाय. ह्या वळणावर दम खातंय ते."

"तुम्हाला काय माहीत?"

"धाप ऐकून."

"आणि अंदाज चुकला तर?"

"तर चालत जाईन. येडशी काय लंकेत न्हाय."

तो मोकळेपणानं हसला. वरच्या फांदीवरचं एक फळ त्यानं सहज तोडलं आणि माझ्यापुढं धरलं. "हे घ्या. पिकायला आलंय, डोळे उघडलेत ह्याचे."

"फळातलं बरंच कळतं की."

"फळातलं न्हाय... पण टपोरे डोळे लगेच दिसतात मला."

मी फळ घेतलं आणि काही झालंच नाही अशा थाटात पदरात टाकलं. कान मात्र गरम झाले होते. "इथं काय मोजताय?"

"मोठ्या लाइनीची पैमाइश, म्हणजे मोजणी. हैदराबादेहून पाठवलंय. मी गुरुलिंग, मूळचा उमरग्याकडचा. जर्मन-जपानची लढाई संपली, आता सरकार सोलापूरकडून मोठी लाइन आणायची म्हणतंय. ह्या घाटानं येडशीवर आणायची, का दुसरीकडनं परस्पर धाराशिवला न्यायची, ते बघायचंय."

मोठी लाइन! मोठं इंजिन, मोठे डबे, आणि तेही येडशीला? मी त्याच्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात शिट्टी झाली. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला.

"पळा की."

"कशाला? सुरुवातीला ती माणसाच्या चालीनंच निघते," असं म्हणत मी सावकाश डब्यापर्यंत गेले, चढले, आणि दारातून म्हटलं, "येडशीत बसप्पाची अडत कुणीबी दाखवंल."

तो दोनच दिवसांनी आला. आमची अडत स्टेशनच्या समोरच होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाव विचारलं, घराणं विचारलं, गळ्यातलं लिंग पाहिलं आणि धर्मशाळेत हातानं भाकरी थापणाऱ्या गुरुलिंगला रोज रात्री जेवायला बोलावलं. त्यात माया होतीच, पण व्यापाऱ्याची माया ती! मोठी लाइन येडशीला आली तर दुकानाचं सोनं होणार, आणि धाराशिवला गेली तर सगळा माल तिकडं वळणार, हे आप्पांना कुणी सांगायला नको होतं.

मी वाढायची आणि तो माझ्या गाडीची खोडी काढायचा.

"तुमची गाडी पुढं आणि बैलगाडी मागं असली, तर बैलाला थांबावं लागत असंल न्हाय?"

"आमचा बैलबी गाडीला मान देतोय," मी म्हणायची. "भाकरी पायजे का?"

"तुम्ही दिली तर अर्धी."

आप्पा मान खाली घालून जेवत आणि आत्या चुलीशी बसून गालात हसे. सकाळी पाणी आणायला जाताना माझी वाट आपोआप स्टेशनवरून जाऊ लागली. सांधेवाले पाशामियाँ हातातलं निशाण गुंडाळत म्हणायचे, "क्यों बेटी, आजकल इंजन कम देखती, फलाट जादा देखती." मी घागर सावरून पुढं निघायची.

मग एक दिवस गुरुलिंग म्हणाला, त्याला ते घाटातलं वळण गाडीत बसून बघायचंय. आत्याला दोनातलं एक लुगडं पसंत नव्हतं, ते बार्शीला जाऊन बदलायचं होतं. तिच्या सोबतीला मी. आप्पांनी लाइनीचं काम म्हणून खुशीनं परवानगी दिली.

परतताना आम्ही शेवटच्या डब्यात बसलो. आत्या झोपली, निदान तिनं डोळे तरी मिटले. वळण जवळ आलं तसं मी म्हटलं, "आता बघा. इंजिन आपल्याकडं तोंड करील."

आणि तसंच झालं. गाडी दरीला वळसा घालत वाकली, वाकतच गेली, आणि समोरच्या कड्यावर आमचंच इंजिन आम्हाला दिसलं. ड्रायव्हर कपाळ पुसत होता तेही दिसलं.

"हाय का अशी गंमत तुमच्या मोठ्या गाडीत?"

"न्हाय..." तो म्हणाला. खिडकीवरचा त्याचा हात माझ्या हाताशेजारी होता. "मोठ्या गाडीला एवढं वळताच येत न्हाय, शिवगंगा."

त्यानं माझं नाव पहिल्यांदा घेतलं. किती दिवस वाट बघितली होती मी त्याची, आणि ते आलं तेही असल्या वाक्यात.

"डोंगर फोडला तर?"

"फोडता येतो. पण बोगदे, पूल... पलीकडनं सोपी वाट असताना कोण फोडंल?"

येडशी येईपर्यंत मी खिडकीतून मागं पडणारे रूळ बघत राहिले.

नेमकं त्याच रात्री, हात धुता धुता, आप्पांनी मनातलं बोलून टाकलं. मी दाराआड उभी होते. "गुरुलिंगा, तू आपल्यातला हायस, पोरगा चांगला हायस. मोठी लाइन येडशीला आण आन् माझी पोरगी तुझ्या घरी ने. न्हाईतर लातूरच्या भुसारवाल्याचं स्थळ आलंच हाय. दिवाळीनंतर त्यांना शब्द देणार." गुरुलिंग काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन स्टेशनात पाणी घेत होतं, त्याच्या आवाजाच्या आडोशाला तो माझ्याशी बोलला. रात्रभर झोपला नव्हता, चेहऱ्यावर दिसतच होतं.

"मी नकाशात ते वळण जरा सैल दाखवलं तर? वरचे साहेब घाटात येऊन बघत न्हाईत. लाइन व्हायला दहा वर्षं लागतील, कदाचित व्हणारबी न्हाय. तवर आपलं..."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते गोड वाटलं. माझं लग्न, माझा माणूस, आणि कुणाच्या बापाचं काय जातंय? मग माझं लक्ष गाडीकडं गेलं. एक बाई लेकराला खिडकीतून इंजिन दाखवत होती.

"आन् खरंच आली लाइन तर?" मी म्हटलं. "तुमच्या सांगण्यावर मोठी गाडी त्या वळणावर घातली, तर आत बसलेली माणसं कुणाची?"

तो खाली बघू लागला.

"तुम्ही खोटं मोजलंत, तर मी तुमच्याबरोबर येणार न्हाय."

"आणि खरं मोजलं, तर तुझे आप्पा पाठवणार न्हाईत. मग मी करू तरी काय?"

"खरं सांगा. तुमचं काम तेवढंच. आप्पांचं मी बघते."

म्हणायला म्हटलं खरं. घागर घरी नेईपर्यंत निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

संध्याकाळी आमच्या दुकानाच्या ओट्यावर सगळं गाव जमलं. पाटील, दुकानदार, तांगेवाले, ड्यूटी संपवून आलेले पाशामियाँ. गुरुलिंग उभा राहिला. आवाज जरा बसला होता, पण शब्द सरळ आले.

"माझी पैमाइश झाली. मोठी लाइन ह्या घाटानं येडशीला न्हाय आणता येत. वळण लई आवळ हाय. मी वर तसंच सांगणार."

आप्पांचा चेहरा काळवंडला. "पंधरा दिवस माझ्या घरात जेवलास," ते म्हणाले, "आन् हे सांगायला? ठीक हाय. उद्याच्या गाडीनं लातूरला निरोप जाईल."

मी उंबरा ओलांडला. बसलेल्या पुरुषांपुढं मी अशी कधी आले नव्हते. पदर नीट केला आणि विचारलं, "आप्पा, आपल्या काट्यावर कधी कुणाचा दाणा मारलाय का?"

"हे काय इचारतीस? आत जा."

"जाते. आधी चारचौघांत सांगा."

आप्पांना ते न सांगून कसं चालेल? "न्हाय," ते म्हणाले. "बापजन्मात न्हाय. म्हणून चार गावची ज्वारी आपल्या दारात येती."

"मग ह्यांनी त्यांच्या मापात का मारावं?"

मी 'ह्यांनी' म्हटलं ते ओट्यावरच्या एकूण एक माणसानं ऐकलं. गुरुलिंगनंही. माझं मलाही ऐकू आलं, पण मागं घ्यावंसं वाटलं नाही. पाशामियाँनी दाढीवरून हात फिरवला. "बसप्पा, छोकरी ने बराबर तोल दिया."

आतून आत्याचा आवाज आला. ती आप्पांची थोरली बहीण, तिला कोण अडवणार? "बसू, काट्याचं निघालंच हाय तर लातूरच्या त्या भुसारवाल्याचा काटा मला इचार. मागल्या साली हळद घेतली व्हती म्या त्याच्याकडनं."

पहिल्यांदा पाटील हसले, मग सगळेच. आप्पा हसले नाहीत. ते समोरच्या रुळांकडं बघत बसले होते, आणि मला त्यांची फार दया आली. "लाइन धाराशिवला गेली," ते हळू म्हणाले, "तर ह्या दुकानाचं काय व्हईल?"

गुरुलिंग त्यांच्यासमोर खाली बसला. "ते मला सांगता येत न्हाय, मामा. खोटा धीर मी देणार न्हाय तुम्हाला."

आप्पांनी त्याच्याकडं टक लावून पाहिलं. माल पारखताना ते असेच बघतात. मग म्हणाले, "भोळाच हायस तू. व्यापारात एक दिवस टिकायचा न्हायस." आणि जरा थांबून, "आईवडलांना कळव तुझ्या. दिवाळीला इकडंच या म्हणावं. आन् आता जेवून जा, भाकरी गार व्हतीया."

जेवण झाल्यावर आत्यानं मला मुद्दाम बाहेर पाणी द्यायला पाठवलं. ओटा रिकामा झाला होता. गुरुलिंग एकटाच पायरीवर बसला होता. त्यानं तांब्या घेतला, पण पाणी प्यायला नाही.

"मला तू त्या घाटात भेटलीस तेव्हापासनंच आवडतेस," तो म्हणाला. "सांगायचं धाडस न्हाय झालं. आणि आज सांगतोय तर... तुझ्या गावाला गाडी काय देता आली न्हाय मला."

"गाडी हाय की आमच्याकडं," मी म्हटलं. "मला माणूस पायजे व्हता."