बँक बदलल्याचं पत्र

“ज्या बँकेत माझं खातंच नाय, तिचा स्विफ्ट कोड मी कुठून आणू?”

कुलसुम सोलकर खुर्चीत टेकायच्या आधीच बोलल्या आणि त्यांनी एक छापील पत्र टेबलावर आपटलं. रत्नागिरीत मिरकरवाड्याला त्यांची शेड होती. तिथून हापूसचा डबाबंद रस दुबईला जायचा, तिकडून खजूर यायचा. नवरा गेल्यावर बारा वर्षं हा धंदा त्यांनी एकटीनं ओढला होता.

ज्ञानेश्वरी सुर्वे यांनी पत्र उचललं. पंचवीस वर्षं बँकेत परकीय चलनाचं टेबल सांभाळून बाई आता खासगी तपास करीत. जगातल्या बहुतेक माणसांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. त्यांचे मदतनीस, निवृत्त फौजदार विनीत शेट्ये, हेही त्यातून सुटले नव्हते.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत. आम्ही बँक बदलली आहे, आगाऊ रक्कम नव्या खात्यात भरा. पुढे खाते क्रमांक आणि आयएफएससी. तळाशी गोलसर मराठी सही: कुलसुम दा. सोलकर. शेवटच्या ‘र’चं शेपूट खालून छाटल्यासारखं.

“दुबईच्या हमीदशेठना हे मेलवर आलं. मेलच्या पत्त्यात एक अक्षर वेगळं. ते पैसे पाठवायला गेले, तर त्यांच्या बँकेनं स्विफ्ट कोड मागितला. म्हणून त्यांनी मला फोन केला.”

“म्हणजे पैसे वाचले,” शेट्ये म्हणाले. “पण आयएफएससी आहे की. आणखी कोड कशाला?”

“आयएफएससी देशातल्या देशात. बाहेरच्या बँकेला आपली बँक शोधायची तर स्विफ्ट कोड लागतो. पेन्शन बँकेतूनच घेता ना, शेट्ये?”

शेट्यांनी ‘स्विफ्ट’ वहीत लिहून घेतलं. टोमण्यांची सवय होती.

“वळण माझंच आहे,” कुलसुमबाई म्हणाल्या. “पण पत्र माझं नाय. हे साकिबचं काम. बहिणीचा मुलगा, मला खाला म्हणतो. गल्फमधली नोकरी घालवून आला, मी ठेवून घेतला. दुबईची पत्रं तोच टाइप करतो. काल शेडमधल्या बायकांसमोर त्याला चोर म्हटलं नि चावी काढून घेतली.”

“त्याला काही विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय?”

ज्ञानेश्वरीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शेट्यांना वाटलं, यांच्यापेक्षा आपण बरे.

तासाभरात दोघं कुलसुमबाईंबरोबर मिरकरवाड्याला पोचले. हिशेबनीस अनिल पावसकर यांनी निर्यातीच्या बिलांची फाइल पुढे केली. प्रत्येक बिलाखाली के. डी. सोलकर अशी टोकदार इंग्रजी सही. बाईंनी पानं उलटली.

“साकिबच, मॅडम,” पावसकर म्हणाले. “गल्फवाले तिकडच्या एक्स्चेंजमधून घरी पैसे धाडतात ते आयएफएससीवर. स्विफ्ट कोड त्यांच्या गावी नसतो. मी तर तो छापल्याशिवाय बिल हातावेगळं करत नाही.”

शेट्यांना ते पटलं. पत्रातली चूक गल्फच्या मजुराची, पत्र टाइप करणाराही तोच. आणखी काय हवं?

साकिब फाटकाबाहेर खजुराच्या रिकाम्या खोक्यावर बसला होता. पायाशी बॅग.

“लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीत लागतोय,” तो म्हणाला.

“दुबईचं पत्र कसं जातं?” बाईंनी विचारलं.

“मी टाइप करतो, खालाला वाचून दाखवतो. ती सही करते, मी स्कॅन करून धाडतो. दर वेळी असंच. पण मला तिनं विचारलं कुठे?”

शेवटी, कुलसुमबाईंनी बोलावल्यावर, स्वरूप महाडिक ऑफिसात आला. पांढरी गाडी, काळा गॉगल, हातात चामडी बॅग. चिपळूणला तो ‘व्यवसाय सल्लागार’ होता. कंपनीसाठी नवी बँक निवडायचं काम कुलसुमबाईंनी त्याला दिलं होतं, त्यासाठी लागणारे कंपनीचे कागदही. त्यानं तीन बँकांची तुलना करणारा रंगीत तक्ता पसरला. पत्रातली बँक त्या तिन्हींपैकीच एक होती, पण तो तक्ता ऑफिसात सगळ्यांनी पाहिला होता.

“किमान शिल्लक, कार्डाचा रंग, विमानतळावर फुकट नाश्ता,” ज्ञानेश्वरीबाईंनी वाचलं. “बँक डॉलरच्या दरात किती पैसे खाते? बाहेरून आलेल्या रकमेतून काय कापते? परकीय चलनाचं खातं देते का? निर्यातीची कागदपत्रं रत्नागिरीत तपासते की मुंबईला धाडते? यातलं काहीच नाही?”

स्वरूप हसला. “मॅडम, त्यांना एवढं कुठलं झेपायला? कशीबशी मराठीत सही करतात. मी पेन्सिलनं फुल्या मारून दिल्या, त्यांनी तिन्ही बँकांच्या फॉर्मवर सह्या ठोकल्या.”

कुलसुमबाईंचा चेहरा लाल झाला.

“ते फॉर्म कुठे आहेत?”

“बॅगेत. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू देत नाही. गोपनीयता म्हणतात तिला.”

बाईंनी हात पुढे केला. तिन्ही फॉर्म चाळून त्यांनी एक निवडला, पत्र त्यावर ठेवलं आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. सहीवर सही तंतोतंत बसली.

“शेट्ये, इकडे या आणि एकदा तरी नीट बघा. फॉर्मवर सहीसाठी चौकट आहे. ‘र’चं शेपूट चौकटीबाहेर गेलंय. पत्रात ते नेमकं चौकटीच्या रेघेवर तुटलंय. चौकटीतली सही कापून पत्रावर चिकटवलीय.”

“फोटो कुणीही काढू शकतो!” स्वरूप म्हणाला.

“फॉर्म कुणाच्या हाती लागू देत नाही, हे आताच तुम्ही सांगितलंत.” त्यांनी बिलांची फाइल उघडली. “दुबईला जाणाऱ्या कागदावर कुलसुमबाई कोणत्या भाषेत सही करतात?”

“इंग्रजीत,” कुलसुमबाई म्हणाल्या. “मागे तिकडच्या बँकेनं मराठी सही परत पाठवली, तेव्हापासून. मराठी फक्त इथल्या बँकेला.”

“हे पावसकरांना माहीत आहे, साकिबला माहीत आहे. दोघांपैकी कुणी पत्र बनवलं असतं, तर या फाइलीतली इंग्रजी सही उचलली असती. शिवाय पावसकर स्विफ्ट कोड विसरले नसते. मराठी सहीच खरी मानणारा आणि परदेशी पैसा येतो कसा हे न कळणारा एकच माणूस उरतो. तो आयात-निर्यातीचा सल्लागार म्हणून फी घेतो.” बाईंनी तक्ता दोन बोटांनी उचलून त्याच्यापुढे टाकला. “महाडिक, या बाईंना इंग्रजीत सही येत असेल, एवढीसुद्धा शंका तुम्हाला आली नाही. चोरी करायलाही थोडी अक्कल लागते.”

शेट्यांचा फोन वाजला. पोलीस ठाण्यातला जुना सहकारी होता; निघतानाच त्यांनी त्याला खाते क्रमांक कळवला होता. पत्रातलं खातं महिन्यापूर्वी ‘सोलकर ट्रेडर्स’ नावानं उघडलेलं. मालक स्वरूपचा मेव्हणा.

स्वरूपनं गॉगल डोळ्यांवर चढवला. पोलीस येईपर्यंत तो काढला नाही.

जीप गेल्यावर कुलसुमबाई फाटकाशी आल्या. मागोमाग ज्ञानेश्वरीबाई आणि शेट्ये. साकिब बॅग खांद्याला लावून उभा होता; ऑफिसातलं सगळं त्याला बाहेर ऐकू आलं होतं.

“चल आत. उद्या बँकेत जाऊ. बाईंनी विचारलं ते सगळं तू विचार, मी ऐकते.”

“महाडिकनं तुला अडाणी म्हटलं तर तुला राग आला, खाला. आणि तू मला काय म्हटलंस? तेही सगळ्यांसमोर.”

शेट्यांना वाटलं, आता काहीतरी समजुतीचं बोलावं. ज्ञानेश्वरीबाईंनी नजरेनंच त्यांना थांबवलं.

कुलसुमबाई वळल्या आणि थेट शेडमध्ये गेल्या. डबे बंद करण्याचं यंत्र त्यांनी स्वतः थांबवलं. तीस बायकांनी माना वर केल्या.

“ऐका गो,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “काल मी साकिबला चोर म्हटलं. तो चोर नाय. न विचारता बोलले. चूक माझी.”

बाहेर फाटकाशी ते ऐकून साकिबनं खांद्यावरची बॅग उतरवली, पण खाली न ठेवता हातातच धरली; राहायचं की लोट्याला जायचं, ते त्याचं अजून ठरत नव्हतं.