बटणांआधीचा कोट

घंटा वाजली तेव्हा दार थोरलीनं उघडलं, पण आलेल्या बाईनं विचारलं धाकटीला. नेहमीचंच. घर थोरलीचं, बाहेरची खोली थोरलीची, दारावरची 'खासगी तपास' ही पाटी मात्र धाकट्या जावेची. धाकटीनं वीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडले होते. थोरलीनं चाळीस वर्षं घरातल्यांच्या खोट्या सबबी पकडल्या होत्या, पण त्याची पाटी कोण लावतं?

आलेली बाई शिवणकामाच्या दुकानाची मालकीण होती. खुर्चीत टेकली ती अर्धीच.

"माझ्याच घरातलं माणूस माझी अब्रू वेशीवर टांगतंय," ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

फेसबुकवर 'उघडी शिवण' नावाचं खातं होतं. ना चेहरा, ना पत्ता. महिन्याभरात दोनच मजकूर. पहिल्यात दुकानातल्या एका कोटाचा फोटो: कोट मांडीवर पसरलेला, अस्तर उलटलेलं, आत बोटभर शिवण सुटलेली. पुढच्या कडेला एकाखाली एक चार खडूच्या फुल्या. खाली लिहिलेलं, 'मोठ्या दुकानाचं काम बघा.'

दुसऱ्यात फोनच्या पडद्याचाच फोटो होता. इन्स्टाग्रामवर दुकानाचं पान सून चालवायची. तिथे कुणा गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, 'सूनबाईंच्या हातात जादू आहे.' अक्षरं एवढी ढब्बू की त्या एका वाक्यानं पडदा भरला होता. वर टोमणा, 'जादू कुणाची, नाव कुणाचं.'

प्रत्येकाखाली अकरा अंगठे.

थोरलीनं डोकावून पाहिलं आणि ती गप्प बसली. धाकटीनं मान वर करून जावेकडे एकदा पाहिलं. थोरली गप्प बसणं त्या घरात रोजचं नव्हतं.

"एका हॉटेलनं हे वाचून साठ कोटांचं काम परत नेलं," मालकीण म्हणाली. "आणि हे सगळं माझ्या सुनेचं. डोळे उघडायच्या आधी फोन उघडते. वेगळं दुकान थाटायचंय तिला. आज संध्याकाळी दुकानाच्या किल्ल्या काढून घेणार आहे. मुलगा म्हणतो, ती गेली तर मीही घर सोडीन. सोड म्हणावं. फक्त पुरावा हवा."

"कोट कुणाकुणाच्या हातून जातो?"

"कातरमास्तर कापतात. मशीनवर मी शिवते. मग आमच्या वन्सं काजं-बटणं करतात, नवऱ्याची थोरली बहीण, आमच्याकडेच असतात. मग इस्त्री, आणि शेवटी सून फोटो काढायला मोकळी."

"फोनवाली सूनच असणार," दुकानाकडे जाताना थोरली म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांना ही थेरं जमतात होय?"

धाकटी नुसती "हं" म्हणाली. वाटेतल्या दुकानात थांबून तिनं कोटाचा फोटो कागदावर छापून घेतला.

सून दुकानातल्या पुतळ्याला कोट चढवत होती. डोळे रडून सुजलेले, पण कोटावर सुरकुती नव्हती.

"फेसबुक? ते उघडून मला दोन वर्षं झाली असतील," ती म्हणाली. "तिथे आता सगळे मामा आणि मावश्या. माझी गिऱ्हाइकं इन्स्टाग्रामवर असतात."

तिच्या फोनवरची अक्षरं मुंग्यांएवढी होती. थोरलीला तर ओळसुद्धा दिसली नाही.

"फोटो कधी काढतेस?"

"कोट पुरा झाला की. पुतळ्यावर, बटणं लावून."

"आणि तुझा आधीचा फोन?"

"आत्याबाईंना दिला होता. पण त्या म्हणाल्या बंद पडला, माझा साधाच बरा."

कातरमास्तर मागच्या टेबलावर कापड कापत होते. त्यांचा फोन कापडाच्या ढिगाला टेकून जुनी गाणी म्हणत होता.

"मी यूट्यूबवाला माणूस," ते म्हणाले. "तोंडानं सांगतो, तो लावतो. लिहायची भानगड नाही."

"हा कोट ओळखता?"

"कसा ओळखणार, बाई? माझ्या हातून तुकडे जातात. शिवलेला कोट मी गिऱ्हाइकाच्या अंगावरच बघतो."

आत्याबाई, म्हणजे मालकिणीच्या वन्सं, दुकानामागच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर कोट, बाजूला बटणांचा डबा, त्यावर साधा, कळा दाबायचा फोन. थोरलीला त्या बघताक्षणी आवडल्या. आपल्यासारख्याच: पाठ ताठ, जीभ धारदार.

"चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते मी," त्या म्हणाल्या. "पण कौतुक कुणाचं, तर पुतळ्याला कोट घालणारीचं."

"खडूच्या या फुल्या बटणांसाठी का?" धाकटीनं विचारलं.

"आणि त्या मीच घालते. दुसऱ्यानं केलेल्या खुणेवर मी उभ्या जन्मात बटण लावलेलं नाही."

"फेसबुक वगैरे बघता?"

"मी? मला तो फोन धरतासुद्धा येत नाही."

धाकटीनं छापलेला फोटो त्यांच्या हातात दिला. आत्याबाईंनी तो लांब धरला, जवळ आणला. मग कागदावर दोन बोटं टेकवली, चिमटा उघडावा तशी ती फाकवली, आणि लगेच हात मागे घेऊन पदराला पुसला.

थोरलीला वाटलं, कागदावर काही सांडलं असेल.

संध्याकाळी दुकानाचं दार आतून लावलं गेलं. मालकिणीनं हात पुढे केला होता आणि सुनेनं किल्ल्या मुठीत धरल्या होत्या.

"थांबा," धाकटी म्हणाली. "फोन जास्त कोण वापरतं, हे बघून तुम्ही सुनेला धरलंत. पण कोण कुठे वावरतं, ते बघायला हवं होतं. सुनेला बदनामी करायचीच असती तर ती तिची गिऱ्हाइकं असतात तिथे केली असती. दोन वर्षं न गेलेल्या ठिकाणी जाऊन मामा-मावश्यांना कशाला सांगेल?"

"ओळखू येऊ नये म्हणून," मालकीण म्हणाली.

"बरं. मग त्या कोटाची बटणं कुठे आहेत?"

मालकिणीनं फोटो पाहिला. चार फुल्या होत्या, बटण एकही नव्हतं.

"सुनेकडे कोट येतो बटणांसकट. मास्तरांकडून जातात तुकडे. तुमच्या मशीनवर फुल्या नसतात. खडूची फुली आहे आणि बटण नाही, असा कोट एकाच मांडीवर असतो."

सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या सुईकडे पाहत होत्या.

"वन्संना फोन येत नाही," मालकीण पुटपुटली.

"ढब्बू अक्षरं तरुण डोळ्यांना लागत नाहीत. दुपारी मी कागद दिला, तेव्हा यांनी दोन बोटांनी तो मोठा करायला पाहिलं. साधा फोन वापरणारं बोट असं करत नाही. सुनेचा जुना फोन बंद पडलेला नाही. बटणांचा डबा दिवसभर यांच्याच हाताशी असतो, त्यात बघा."

कुणी डब्याला हात लावला नाही. आत्याबाईंनीच झाकण उघडलं आणि फोन काढून टेबलावर ठेवला.

"शिवण चांगलीच होती," त्या मालकिणीला म्हणाल्या. "मीच उसवली, फोटो काढला, पुन्हा घातली. चाळीस वर्षं या घरातल्या प्रत्येक कोटाचं बटण माझ्या हातचं आहे. कुणी एकदा म्हटलं नाही, बटण बरं बसलंय. ही दीड वर्षापूर्वी आली. रोज दुपारी हिची वाहवा वाचायची मी. एक ओळ माझ्याबद्दल निघेल म्हणून शेवटापर्यंत वाचायची."

"घर बुडवलंत, वन्सं," मालकीण म्हणाली.

"बुडवलं. उद्या हॉटेलात मी जाते आणि माझ्या तोंडानं सांगते. तू मला काढ, हिला नको."

सून पुढे आली. "मला रात्रभर झोप नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही. हॉटेलात मी बरोबर येईन, तुम्ही सांगाल ते ऐकायला." तिनं किल्ल्या कमरेला खोचल्या. "आणि यापुढे फोटोखाली काजं-बटणं कुणाची तेही लिहीन. ते आधीच लिहायला हवं होतं."

मालकिणीनं पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

परतताना थोरली भरभर चालत होती. मग म्हणाली, "तुला बोटांवरून कळलं. मीही तिथेच होते की."

"तुम्हाला नवल वाटलं नाही, कारण तुम्हीही तसंच करता. परवा विजेचं बिल आलं, तेव्हा त्यावर फाकवलीत बोटं."

"मी कुठे फोन बघते फारसा."

"जाऊबाई, अकरा अंगठ्यांत एका नावाशेजारी चेहऱ्याऐवजी गुलाबी कण्हेर होती. फोटो आपल्या गच्चीवरचा. कुंडी फुटकी आहे, तीसुद्धा दिसते."

थोरली जागीच थांबली. कुणाच्या तरी सुनेचं कौतुक होतं, त्याला कुणीतरी चिमटा काढला होता. दुपारची वेळ होती. बोट आपोआप गेलं होतं, आणि गोड वाटलं होतं. हे ती मेली तरी सांगणार नव्हती.

"काढते तो अंगठा," ती म्हणाली.

"काढा."

चार पावलं गेल्यावर थोरली पुन्हा बोलली. "आणि ऐक. तुझ्या पाटीखाली जागा आहे थोडी."

"आहे की."

"नाही, मी आपली म्हटलं. सांगून ठेवलं."