कुणी अनुमोदन देईल का?

ही गोष्ट खरी आहे. खोटं रचून सांगायला जी हुशारी लागते ती माझ्याकडे नाही. असती, तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढत बसलो नसतो.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही दुपारी घडली. गेल्या वर्षी, सोमवार ते गुरुवार, चार वाजून दहा मिनिटांच्या आसपास. आमच्या घराच्या मागच्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर. लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहायला आलो. वेळ जाईना, म्हणून कॉम्प्युटरवर एका कामात शिरलो.

ते काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काही आजारी माणसांना घरी प्राणवायूच्या यंत्रावर राहावं लागतं. त्यांच्यासाठी एक डबी होती, तळहाताएवढी. यंत्र बंद पडलं की डबीतली घंटा वाजायची. तीन लहान टोले, एक लांब. ही डबी कुणीही बनवावी, तिचं सॉफ्टवेअर कुणीही फुकट घ्यावं, कुणीही त्यात बदल सुचवावा, असा सगळा खुला मामला. मालक कुणी नाही. सात सभासदांचं मंडळ कारभार बघायचं. सगळे वेगवेगळ्या गावांतले. एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती, फक्त आवाज ओळखीचे होते.

त्यातलं मला ओ की ठो कळत नसे. मी माहितीपुस्तिका तपासायचो. तरीही त्यांनी मला सातवा सभासद केलं.

"खुर्ची भरायला कुणीतरी लागतंच," अक्का म्हणाली होती.

पुढे हरकतींचा सुकाळ झाला. येणारा-जाणारा कुठल्याही बदलाला हरकत घ्यायचा आणि काम अडून बसायचं. मग मंडळाने एक नियम केला. नववा. त्याचं वाक्य मी लिहिलं :

सभासद नसलेल्याची हरकत, बहात्तर तासांत एका तरी सभासदाने अनुमोदन दिले, तरच ग्राह्य धरावी. अन्यथा मौन ही संमती समजावी.

सांगायला लाज वाटते, पण त्या वाक्याचा मला अभिमान होता. त्यात एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

मग एक बदल आला. वीज नुसती डोळा मिचकावून परत आली तरी डबी बोंबलायची. आजारी माणसाची झोपमोड व्हायची. म्हणून मंडळातल्या एका इंजिनिअरांनी सुचवलं की घंटेने दहा सेकंद थांबावं. वीज परत आली तर गप्प बसावं. सगळ्यांना पटलं.

एका बाईने तेवढी हरकत घेतली.

तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. 'खिडकीजवळ' या नावाने ती लिहायची. पलंग खिडकीजवळ होता, म्हणून. ती स्वतः त्या यंत्रावर होती. तिचं लिखाण मला आवडायचं. कधी अनुस्वार चुकला नाही.

तिने लिहिलं, "वीज लागोपाठ दोनदा गेली, तर दुसऱ्या वेळी घंटा वाजतच नाही. मी सुट्या डबीवर तीनदा करून पाहिलं. मी सभासद नाही. कुणी अनुमोदन देईल का?"

इंजिनिअरांनी उत्तर दिलं, "माझ्याकडे तसं होत नाही. तुमची डबी जुनी असेल."

मला तिचं पटलं होतं. का, ते सांगता येणार नाही. इतकं नेमकं लिहिणारं माणूस उगाच काही लिहीत नाही, एवढंच वाटलं. मी 'अनुमोदन' हा शब्द लिहिला. खोडला. परत लिहिला. मग वाटलं, जाणती माणसं गप्प आहेत. आपण कोण? शुद्धलेखन सुधारणारे.

मी तो खोडला.

गुरुवारी चार वाजून दहा मिनिटं झाली. बहात्तर तास संपले. बदल मंजूर झाला.

अकरा दिवसांनी तिच्या भावाचं पत्र आलं. ती गेली होती. वीज दोनदा गेली, यंत्र थांबलं, घंटा वाजली नाही. तो शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होता. नवीन आवृत्ती त्यानेच डबीत घातली होती. ती नको म्हणाली होती. तो म्हणाला होता, "अगं, सात माणसांनी बघून मंजूर केलंय."

आरोप काहीच नव्हता. तिचं खातं बंद कसं करायचं, एवढंच त्याने विचारलं होतं.

इंजिनिअरांनी त्याच संध्याकाळी चूक दुरुस्त केली. खातं मी बंद केलं. मला पटलं होतं हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्याही वेळी गप्पच बसलो.

तीन महिने गेले.

त्या सोमवारी दुपारी चार-दहाला इंजिनिअरांनी नवीन बदल मांडला. डबीची बॅटरी जास्त टिकावी म्हणून काहीतरी. मी वाचला. काही कळलं नाही.

मंगळवारी दुपारी परत पान उघडलं.

बदलाच्या खाली एक हरकत होती…

"कुणी अनुमोदन देईल का?"

नाव : खिडकीजवळ.

मी इंजिनिअरांना फोन लावला. मी फोन कधी करत नाही, त्यामुळे तेच आधी घाबरले.

"काका, बरे आहात ना?"

"त्या बदलाखाली एक हरकत आलीय. बघता का जरा?"

बटणांचा आवाज आला. मग ते म्हणाले, "नाही हो. रिकामं आहे."

मी पान ताजं करून पाहिलं.

रिकामं होतं.

मला वाटलं, डोळे थकलेत. बरंच काही थकलंय. मी कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेर आलो. अक्का खाटेवर पडली होती. तिला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र काढून तिने उशीशेजारच्या वाटीत ठेवलं होतं. ते काढलं की कानाशी ढोल वाजवला तरी तिची झोप मोडत नाही.

ती डोळे न उघडता म्हणाली, "ते बंद कर रे. मघापासून वाजतंय."

"काय वाजतंय?"

मी विचारलं ते तिला ऐकू गेलं नाही. ती कूस बदलून म्हणाली,

"तीन लहान… एक लांब."

आमच्या घरात ती डबी नाही. कधीच नव्हती. आणि मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.

बुधवारी मी त्या खोलीत जाणार नव्हतो. पण चार वाजत आले आणि पाय आपोआप तिकडे वळले.

हरकत परत आली होती. या वेळी मोठी. मी घाईघाईने वाचू लागलो. बॅटरी संपत आली की आधी घंटेची ताकद जाते, मग डबीवरचा दिवा जातो. दिवा हिरवा दिसत राहतो. घरच्यांना वाटतं, सगळं ठीक आहे. मी करून पाहिलं. कुणी अनुमोदन देईल का?

एकही अनुस्वार चुकलेला नव्हता.

आणि तेव्हा तो आवाज आला. कपाटामागच्या भिंतीतून. त्या भिंतीपलीकडे काही नाही, उघडी हवा आहे.

फुस्… मग थोडं थांबून… फुस्…

कुणीतरी यंत्रावर श्वास घेत होतं. मी तो आवाज पूर्वी ऐकला नव्हता, तरी ओळखला.

संध्याकाळी मी अक्काला सगळं सांगितलं. पहिल्या वेळचंही. तिच्या कानाजवळ जाऊन, मोठ्याने. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी काही बोललो नसेन.

तिने माझा हात हातात घेतला.

"लहानपणी तुझं बोट दारात चेमटलं होतं," ती म्हणाली, "तेव्हाही तू ओरडला नाहीस. आईला रक्त बघून कळलं."

"ते हसतील, अक्का. मेलेल्या बाईला अनुमोदन देतोय म्हणून. साठी बुद्धी नाठी म्हणतील."

"तुझी साठी होऊन तेरा वर्षं झाली. हसू देत. हसण्याने कुणाचं यंत्र बंद पडत नाही."

गुरुवारी चारला मंडळाची मीटिंग होती. सगळे कॉम्प्युटरवर बोलत होते. पानावर तिची हरकत होती. या वेळी ती नाहीशी होत नव्हती. भिंतीतला श्वास चालू होता, पण दमल्यासारखा. मधलं अंतर वाढत चाललं होतं.

चार वाजून सात मिनिटांनी मी लिहिलं. अनुमोदन. आणि पाठवून दिलं.

"काका," इंजिनिअर म्हणाले, "तुमचं अनुमोदन दिसतंय. पण कुणाला? वर काहीच नाही."

"काकांचं बोट घसरलं असेल," आमच्यातला वायरमन हसत म्हणाला. डब्या जोडून द्यायचं काम तो करायचा.

"हरकतच नसेल तर अनुमोदन बाद," एक शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या. "काका, तुमच्याच नियमात बसत नाही."

चार-आठ.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. बोट घसरलं म्हणून सगळे विसरले असते. आणि तो बदल शेकडो घरांत गेला असता.

"मग ती माझी हरकत समजा," मी म्हणालो. आवाज फाटला माझा. "सभासदाच्या हरकतीला अनुमोदन लागत नाही."

"कारण?" इंजिनिअरांनी विचारलं.

मी पडद्यावरचं वाचू लागलो. घंटेची ताकद आधी जाते. मग दिवा…

जी ओळ मी वाचत होतो, ती पुसली जात होती. वाचून झाली की तिथे काही नसायचं. शेवटची ओळ संपली तेव्हा पान कोरं होतं. भिंतही गप्प झाली होती.

"थांबा," इंजिनिअर म्हणाले. "डबी इथेच आहे. करून बघतो."

आम्ही ऐकत होतो. खुर्ची सरकली. बटण दाबल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

"दिवा हिरवा आहे," ते म्हणाले. "घंटा वाजली नाही."



"काका, तुम्हाला कसं कळलं?"

मी सांगितलं. मग तिथे थांबलो नाही. पहिल्या वेळीही मला पटलं होतं, मी शब्द लिहून खोडला, हेही सांगितलं. आता हे मला काढून टाकतील, असं वाटलं. खरं तर बरंच वाटलं असतं.

पलीकडे सहा माणसं होती. एकही आवाज नव्हता.

मग शिक्षिका म्हणाल्या, "मलाही पटलं होतं. मला वाटलं, काका देतील अनुमोदन. ते सगळं वाचतात."

"मी म्हटलं, मी साधा वायरमन," वायरमन म्हणाला. आता तो हसत नव्हता.

एकेक करून सगळे बोलले. शेवटी इंजिनिअर उरले.

"माझ्याकडे झालं होतं तसं," ते म्हणाले. "चारदा करून पाहिलं. एकदा नाही वाजली. मी म्हटलं, वायर सैल असेल."

मग त्यांनी अगदी हळू विचारलं…

"तुमच्याकडेही येतो का तो आवाज?"

नाही, असं कुणीच म्हणालं नाही.

नववा नियम त्याच दिवशी काढून टाकला. आता कुणाचीही हरकत आली की काम थांबतं. सगळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तिच्या भावाला आम्ही सातही जणांच्या सहीने सगळं खरं लिहून कळवलं. उत्तर आलेलं नाही.

माझ्याकडचा आवाज थांबला. अक्का म्हणते, सुटलास. मीही हळूहळू तसंच म्हणू लागलो होतो.

काल दुपारी इंजिनिअरांचा फोन आला.

"काका, तुमच्याकडे थांबलं?"

"थांबलं."

"माझ्याकडे नाही. घरी कुणालाच ऐकू येत नाही. बायको म्हणते, डॉक्टरांना दाखवा. मी फोन खोलीत धरतो. तुम्हाला जे ऐकू येईल ते खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

मी फोन कानाशी दाबून धरला. आधी नुसती खरखर आली.

मग…

फुस्… फुस्…

"येतंय," मी म्हणालो. "मला येतंय ऐकू."

ते रडत असावेत. पलीकडचा श्वास लांबत गेला. आणखी लांबला. आणि थांबला.

यंत्र थांबलं की घंटा वाजायला हवी. दहा सेकंदांनी.

मी मनात दहा आकडे मोजले. त्यांनीही मोजले असणार. आम्ही दोघंही फोन धरून तसेच उभे राहिलो…

घंटा वाजली नाही.