शेवटची गाठ

जहाज येणार असलं की विल्फ्रेड सकाळीच पत्र्याच्या मांडवाखालची काळी वाळू दाताळ्याने सपाट करून ठेवी. मग शहाळी रचायची, गळ्यात डुकराच्या सुळ्यांची माळ घालायची आणि पाहुण्यांची वाट बघत बसायचं. अंब्रिम बेटाच्या या किनाऱ्यावर लोक दोनच गोष्टींसाठी उतरत, धुमसणारा डोंगर आणि वाळूतली चित्रं. डोंगर कुणाच्या बापाचा नव्हता. चित्रांचा मालक मात्र विल्फ्रेड होऊन बसला होता.

हे बघून रोलिनच्या अंगाचा तिळपापड होई. ती गावच्या दवाखान्यात नर्स होती. करणी, भुताटकी असलं काही तिच्यापुढे काढायची सोय नव्हती. ताप आला की ती आधी रक्त तपासायची. पण विल्फ्रेडच्या मांडवाचा राग तिला बाबांमुळे होता.

तिचे बाबा, तालेप, बोट न उचलता एका रेघेत वाळूवर कासव काढत, मासा काढत आणि 'वाट' काढत. ही वाट मेल्यानंतरची. पलीकडे जाणाऱ्यासाठी एक म्हातारी ती आकृती वाळूत काढून बसलेली असते, आणि माणूस येताना दिसला की अर्धी पुसून टाकते. ज्याला ती पुरी करता येते तो पुढे जातो. ज्याला येत नाही त्याला ती खाते. रोलिनचा यावर विश्वास नव्हता. बाबांचा होता, आणि तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

त्या वाटेवर विल्फ्रेडने कात्री चालवली. "काका, एवढी वळणं कोण बघतंय? पाहुणे उन्हाने हैराण होतात. शेवटची गाठ गाळा आणि रेघ सरळ बाहेर काढा."

बाबा भिडस्त, सख्ख्या पुतण्याचा शब्द मोडवेना. वर्षानुवर्षं जहाजं येत राहिली आणि बाबांचं बोट त्या छाटलेल्या वाटेवरूनच फिरत राहिलं. शेवटच्या दुखण्यात ते चादरीवर बोट ओढत बसत. त्याच वळणाशी येऊन बोट अडे. "इथून पुढं कुठं गं, पोरी?" बायकांनी ही आकृती शिकायची नसते, तरी रोलिनने लहानपणी कुंपणाआडून ती पाहून ठेवली होती. ती त्यांचं बोट धरून गाठ पुरी करून दाखवी. पुढच्या खेपेला बोट पुन्हा तिथंच अडे. तसेच ते गेले.

सुतक फिटल्यावर मांडव पुन्हा उघडला, आणि पहिल्याच सकाळी विल्फ्रेडने तिला बोलावून घेतलं. सपाट केलेल्या वाळूत वाट काढलेली होती, अर्धीच. भोवती एकही पाऊल नव्हतं. रेघ शेवटच्या वळणाशी थांबलेली, आणि तिथं एक खोल भोक पडलेलं. कुणीतरी बोट टेकवून खूप वेळ वाट पाहावी तसं.

"लाज नाही वाटत तुला? त्यांना जाऊन किती दिवस झाले रे?"

"आईची शपथ, मी नाही." त्याचा चेहरा उतरला होता. "रेघ बघ ना, किती स्वच्छ आहे. माझी कधी अशी येते का?"

ते खरं होतं. विल्फ्रेड डावखुरा. रेघ ओढता ओढता त्याच्या तळव्याची कड मागून ती पुसत जायची. 'एकाच हाताने काढतोस आणि पुसतोस,' म्हणून बाबा त्याला हसायचे. साऱ्या गावात तशी रेघ दुसऱ्या कुणाची नव्हती.

आकृती रोज उमटू लागली. विल्फ्रेडची भीती दोन जहाजांत मेली. त्याने पाटी लावली: मृताच्या हातचे चित्र. पाहुणे टाळ्या वाजवायला लागले.

रोलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा बाप अडकून पडला होता आणि हे लोक टाळ्या पिटत होते! आपला यावर विश्वास नाही हेही त्या क्षणी तिच्या ध्यानात राहिलं नाही. भर दुपारी ती मांडवाभोवतीची दोरी ओलांडून आत गेली.

"अगं, काय करतेस? बाईमाणसाने—"

"तू तोंड उघडू नकोस. माझ्या बापाची वाट विकून खाल्लीस ना? मग बघ आता."

तिने त्या भोकात बोट ठेवलं. वाळू उन्हाने तापलेली होती. भोक गार होतं.

ती गाठीकडे वळली.

तिच्या बोटामागे, वीतभर अंतर ठेवून, वाळू दबत येत होती.

तिने वळून पाहिलं नाही. गाठ पुरी केली, रेघ बाहेर काढली आणि बोट उचललं.

मागून दबत येणारी खूण बोटाच्याही पुढे, समुद्राकडे, थोडी सरकत गेली. मग थांबली.

दुसऱ्या दिवशी वाळू कोरी होती. त्यानंतरही कोरीच राहिली. रोलिन रात्री शांत झोपू लागली.

मग एका सकाळी दवाखान्याच्या दारात विल्फ्रेड हजर. हातात केळीच्या पानात भाजलेला कंदाचा लापलाप, तोंडात घास.

"रोलिन, चल लवकर! पुन्हा आलंय! काका आपल्याला उपाशी ठेवायचे नाहीत."

ती धावतच गेली. तीच अर्धी वाट, तेच वळण, तसंच खोल भोक.

पण रेघ स्वच्छ नव्हती. सुरुवातीपासून भोकापर्यंत तळव्याच्या कडेने फासत आणलेली होती.

"विल्फ्रेड, तू आज वाळूला हात लावलास?"

"छे! लांबूनच बघितलं आणि तुझ्याकडे आलो. का गं?"

तिने त्याचा डावा हात ओढून घेतला. कड स्वच्छ होती, काळा कणही नव्हता. तिने नाडी पाहिली. ठणठणीत.

"खाली बस," ती म्हणाली. "शेवटची गाठ शिकवते. आत्ताच्या आत्ता. माझं ऐक रे, दादा!"

"आता? तिकडे जहाज लागतंय!" तो हसत हात सोडवून निघालाही. "आणि एवढी वळणं कोण बघतंय?"

रोलिन वाळूकडे बघत राहिली. वारा नव्हता. भोकाच्या कडेची वाळू थोडी थोडी आत ढासळत होती.